सोमवारी न्यायचा प्रश्न

मध्यंतरी एका कॉलेजात कार्यशाळेला मला बोलावलं होतं. निवृत्त माणसाला बोलावतात तसं: पहिल्या रांगेत बसवायचं, गुलाबाचं फूल द्यायचं आणि चहाच्या वेळी विसरून जायचं. विषय होता, मुलांना शिकावंसं वाटेल असं वातावरण वर्गात कसं तयार करायचं. एक तरुण मुलगा पडद्यावर चित्रं दाखवत होता. बाकं गोल मांडावीत की अर्धगोल, उजेड कुठून यावा, भिंतींना कोणता रंग असावा म्हणजे मुलांची मनं प्रसन्न राहतात. मुलगा बिचारा मनापासून बोलत होता, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण मी थकले होते. माणूस एका वयानंतर चांगल्या गोष्टींनीही थकतो. समोसा खाल्ला, कुणाला न सांगता बाहेर पडले आणि रिक्षा पकडली. रिक्षात बसल्यावर उगाचच आठवायचा प्रयत्न केला की मुलुंडच्या माझ्या कॉलेजातल्या वर्गाच्या भिंतींना कोणता रंग होता. काही केल्या आठवेना. शेजारच्या जिमखान्यात मुलं दिवसभर कॅरम खेळायची, त्याची टकटक आठवली. डोक्यावरचा पंखा फिरताना मध्येच अडखळायचा, तो आठवला. रंग मात्र नाहीच.

आम्ही तेव्हा मुलुंडला चाळीत राहत होतो. परळहून आलेलो. गिरण्यांचा संप झाला, लांबला, आणि कधी संपला ते आमच्या घरात तरी कुणाला कळलंच नाही. बाबा साचेखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. गिरणी गेली, परळची खोली गेली आणि आईच्या भावाच्या ओळखीने ही मुलुंडची खोली मिळाली. चाळीच्या पाठीमागे लहान कारखान्यांचे गाळे होते. आमच्या भिंतीला लागूनच्या गाळ्यात पत्रा कापायचं प्रेस मशीन होतं. धाड, मग थोडी उसंत, मग पुन्हा धाड. शेजारपाजारची माणसं त्या आवाजाला कंटाळून भांडायला जायची. आमचे बाबा मात्र त्याच आवाजात गाढ झोपायचे. साच्यांच्या खडखडाटात सगळं आयुष्य गेलेला माणूस, त्याला शांतता सोसायची नाही. गाळ्याला सुट्टी असेल त्या दिवशी ते या कुशीवरून त्या कुशीवर करत राहायचे. शेवटी उठून दारातल्या लाकडी खुर्चीत बसायचे. बसायचे म्हणजे नुसतेच बसायचे. पेपर हातात असायचा, पण पान उलटलेलं मी क्वचित पाहिलं. पूर्वी गणपतीत भजनाला उभे राहिले की अख्खी चाळ जमवणारा माणूस, तो आता दिवसाकाठी चार शब्द बोलला तरी आई म्हणायची, "आज काय गो, बाबा तुझो खुशीत दिसता!"

घर आई चालवायची. आसपासच्या कंपन्यांत कामाला असलेली, एकटी राहणारी माणसं होती, त्यांचे डबे ती करायची. पहाटेपासून आमच्या खोलीत दोन वास असायचे. एक डब्यांचा, फोडणीचा, बटाट्याच्या भाजीचा, गरम पोळ्यांचा. दुसरा आमच्या जेवणाचा, कुळथाच्या पिठीचा आणि भाजलेल्या सुकटीचा. पोळी ही लोकांची आणि भात हा आपला, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मी पोळ्या लाटायची, आई भाजायची. लाटता लाटता मी पाठांतर करायची. वर्गात उतरवून घेतलेल्या व्याख्या. आई मध्येच म्हणायची, "काय ता बडबडतंस? देवाचा काय?" मी म्हणायची, "अर्थशास्त्र." "मगे गप लाट," ती म्हणायची.

तिचंही चुकत नव्हतं. मी काय बडबडते आहे ते मलाही कळत नव्हतं. आमचं कॉलेज म्हणजे रेल्वेच्या पुलापलीकडची एक इमारत. मी बी.ए.ला, अर्थशास्त्र विषय, मराठी माध्यमाची तुकडी. शिकवायला वर्तक सर. उंच, सडपातळ, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेले. ते वर्गात यायचे, हजेरी घ्यायचे, पिवळे पडलेले कागद काढायचे आणि म्हणायचे, "लिहा." आम्ही लिहायचो. स्वल्पविराम म्हणाले की स्वल्पविराम द्यायचो. "नवीन परिच्छेद" म्हणाले की ओळ सोडायचो. घंटा झाली की ज्या शब्दावर असतील तिथे थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या शब्दापासून सुरू करायचे. मागच्या बाकावर विलास बसायचा, भांडुपचा, एकदम तोंडाळ पोरगा. तो म्हणायचा, "यार, ह्यांच्या जागी टेपरेकॉर्डर ठेवला तरी चालेल. मध्ये मध्ये चहाला तरी सोडता येईल त्याला." आम्ही हसायचो आणि पुन्हा खाली मान घालून लिहायचो. सगळं लिहून, सगळं पाठ करून मी दुसऱ्या वर्षाला नेमकी अर्थशास्त्रातच गटांगळी खाल्ली. पेपरात प्रश्न जरा फिरवून आला आणि मला पाठ केलेलं कुठून सुरू करायचं तेच कळेना. एटीकेटी लागली. पुढच्या वर्गात ढकललं, पण विषय मानेवर बसला.

त्या दिवशी बाबा खुर्चीतून उठून आत आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. नायतर कोचरेकर बोललो हा, त्याच्या कंपनीत प्याकिंगाक पोरी घेतत." कोचरेकर काका बाबांचे गिरणीतले जोडीदार, आता मुलुंडलाच एका औषधाच्या कंपनीत स्टोअरमध्ये लागले होते. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, असं ते काम. वाईट नव्हतं. चाळीतल्या दोघी तिघी जात होत्या, पगाराच्या दिवशी गजरे माळून यायच्या. मला मात्र जायचं नव्हतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. शिकायची फार हौस होती असंही नाही. खरं सांगायचं तर मला शिकण्याचा कंटाळाच आला होता. पण हातातलं अर्धं काम टाकून उठायचं आणि ते कायमचं अर्धंच राहणार, हा विचार नको वाटायचा. आमच्या घरात अर्धवट राहिलेल्या गोष्टी काय कमी होत्या?

जूनमध्ये तिसरं वर्ष सुरू झालं आणि वर्गात वर्तक सरांऐवजी एक बाई आल्या. गुप्ते मॅडम. घाटकोपरहून यायच्या. बुटक्या, सुती साडी, खांद्याला एवढी मोठी पिशवी, आणि चेहरा असा की नुकत्याच कुठूनतरी दमून आल्यात आणि अजून कुठेतरी जायचंय. वर्तक सरांचं ऑपरेशन होतं, ते मोठ्या रजेवर होते. मॅडमनी हजेरी घेतली, टेबलाच्या कडेला टेकल्या आणि विचारलं, "एखादी वस्तू महाग झाली तर लोक ती कमी घेतात. नेहमीच कमी घेतात का?" आणि आम्ही काय केलं? लिहून घेतलं. अख्ख्या वर्गाने. माना खाली, पेनं सरसर. लिहून झाल्यावर सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत बसलो. मॅडम आमच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, मी तुम्हाला विचारतेय." काहींनी तेही लिहिलं. मग त्या जरा वरच्या आवाजात म्हणाल्या, "पेनं खाली ठेवा." आणि मागून विलासचा आवाज आला, "मॅडम, हे नवीन परिच्छेदात घ्यायचं का?" चेष्टा नव्हती हो ती! त्याने खरंच लिहिलं होतं, "पेनं खाली ठेवा." मॅडम आधी हसल्या. मग हसता हसता खुर्चीत बसल्या आणि पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या. त्या वेळी आम्हाला वाटलं, बाई विचित्र आहे. आज कळतं, त्यांना रडू येत असणार. पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा माझ्यावरही ही पाळी आली, आणि मीही अशीच हसले.

पुढच्या तासाला त्यांनी त्यांचा नेम सांगितला. नोट्स मिळणार नाहीत. आठवडाभर वर्गात जे बोलू ते शनिवार-रविवारी घरी कुणाला तरी सांगायचं. ज्याने अर्थशास्त्राचं नावही ऐकलेलं नाही अशा माणसाला. तो माणूस जो प्रश्न विचारेल तो सोमवारी वर्गात आणायचा. जसाच्या तसा, आपण सुधारायचा नाही, शहाणा करायचा नाही. त्याच्या नावानिशी सांगायचा. वर्गात कुजबुज झाली. विलास म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी हे सांगायला गेलो तर मार पडेल." मॅडम म्हणाल्या, "मग का मारलं ते विचारून ये. तोही प्रश्नच." सगळे हसले, पण बाहेर आल्यावर तोंडं उतरलेली होती. नोट्स नाहीत म्हणजे परीक्षेला काय लिहायचं? "वाट लागली आपली," विलास म्हणाला. मला तर घामच फुटला. माझ्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ, आणि ही बाई म्हणते घरी जाऊन गप्पा मारा.

पहिल्या रविवारी मी आईला धरलं. ती तांदूळ निवडत होती. मी मागणी, किंमत, गरजेच्या वस्तू, चैनीच्या वस्तू असं सगळं सांगितलं. आई शेवटपर्यंत ऐकत होती, मला आश्चर्यच वाटलं. मग म्हणाली, "त्या बाईचा लगीन झाला काय?" मी म्हटलं, "आई, धड्याबद्दल विचार काहीतरी." ती म्हणाली, "माझ्या मनात ह्याच इला. खोटा कशाक इचारू?" नेम तो नेम. सोमवारी उभी राहिले आणि सांगितलं, "माझ्या आईने विचारलंय, तुमचं लग्न झालंय का." वर्गात हसून हसून लोळायची वेळ आली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नाही झालं. आईंना सांग, जमलं होतं, पण मोडलं. आता पुढचा प्रश्न." मी घरी येऊन सांगितलं, तर पुढच्या रविवारी आई स्वतःहून म्हणाली, "काय तो धडो? सांग." त्या वेळी तिने मिठाचं विचारलं. मीठ महागलं तर माणूस जेवणात कमी घालेल का, आणि नाही घालत, तर मग महागलं की कमी घेतात या तुमच्या नियमाचं काय? त्या प्रश्नावर वर्गात असा गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातून शिपाई गप्प बसा म्हणून सांगायला आला. विलासचा मोठा भाऊ रिक्षा चालवायचा, त्याचे प्रश्न तर भयंकर असायचे, आणि त्यातले निम्मे वर्गात सांगता येण्यासारखे नसायचे.

माझ्यात काय होत होतं ते मला लगेच कळलं नाही. पोळ्या लाटताना मी बडबडायची थांबले, एवढं आईच्या लक्षात आलं. आता मी लाटता लाटता विचार करायची, हे आईला कसं सांगू? ती कुठे अडेल? सांगायला गेलं की आपल्यालाच कळलेलं नाही हे तोंडावर आपटायचं, मग मी लायब्ररीत जाऊन बसायची. कुणी पाठवलं म्हणून नाही. रविवारी आईपुढे फजिती नको म्हणून. शिकावंसं वाटणं म्हणतात ते हेच असेल तर ते असं फजितीच्या भीतीतून आणि तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या समोर बसून आलं. पडद्यावरच्या चित्रांत ते कुठे दाखवणार!

बाबा हे सगळं दारातल्या खुर्चीतून ऐकायचे. ऐकत असतील असं मला वाटायचं. कधी बोलले नाहीत. मग एका आठवड्यात मॅडमनी श्रमाबद्दल शिकवलं. एका उद्योगात काम कमी झालं की कामगार दुसऱ्या उद्योगात जातो, असं पुस्तकात म्हटलंय, वगैरे. त्या रविवारी आईला ताप होता. गोधडी पांघरून पडलेल्या आईला मी झोपू दिलं आणि बाबांसमोर स्टुलावर जाऊन बसले. कुठून अक्कल सुचली कोण जाणे. नाहीतर असल्या धड्यासाठी मी त्यांच्यासमोर गेलेच नसते. त्या दिवशी गाळ्यालाही सुट्टी होती, सगळं शांत. मी सांगत गेले आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी कुणाला काय सांगतेय. पण मध्येच थांबणं जास्त वाईट दिसलं असतं, म्हणून पार शेवटापर्यंत नेलं. बाबा माझ्याकडे बघतही नव्हते. मग त्यांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "ह्या सगळा शिकान तुका काय गावतला?"

रागाने म्हणाले असते तर मी उठून गेले असते. पण आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. थकलेला माणूस जिना चढून आल्यावर पाणी मागतो, तसं विचारलं. मी म्हटलं, "हा प्रश्न मी उद्या वर्गात नेऊ?" त्यांनी खांदे उडवले.

रात्रभर मला वाटत होतं, नेऊ नये. सोमवारी शेवटी उभी राहिले. "माझ्या बाबांनी विचारलंय. ते गिरणीत होते. विचारलंय की हे सगळं शिकून तुला काय मिळणार." कुणी हसलं नाही. आमच्या वर्गात गिरणीवाल्याचं मूल काही मी एकटीच नव्हते. मॅडमनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला. म्हणाल्या, "बोला." कुणी म्हणालं नोकरी. विलास म्हणाला, "कुठली नोकरी रे? माझा भाऊ बी.कॉम. आहे." कुणी म्हणालं ज्ञान, तर मागून कुणीतरी शिट्टी मारली. बोलून बोलून सगळे थांबले आणि मग सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं, आता त्या सांगतील म्हणून. मॅडम फळ्याकडे बघत उभ्या होत्या. पलीकडे कॅरमची टकटक चालू. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक नाही." आणि जरा थांबून, "मी स्वतःला हे विचारत असते. दर जूनमध्ये नवीन कॉलेज, नवीन रजेवरची माणसं. मला मिळालंय का काही? कधी वाटतं हो, कधी वाटतं नाही. मंगल, तुझ्या बाबांना सांग, की बाईंना उत्तर येत नाही. पण प्रश्न मी ठेवून घेतलाय. खोडणार नाही."

मी घरी आले तेव्हा बाबा खुर्चीत होते. मी चप्पल काढतेय तोवर त्यांनी विचारलं, "काय म्हणाली बाई?" इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःहून मला काही विचारल्याचं आठवत नव्हतं. मी सांगितलं, "म्हणाल्या, ठाऊक नाही." बाबांनी मान वर केली. "अशी म्हणाली? सगळ्यांदेखत?" "हो." त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग आतल्या दिशेने आईला हाक मारली, "ऐकलंस काय गो? बाई म्हणाली, माका ठाऊक नाय." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "संपात सगळ्यांका सगळा ठाऊक होता. पुढाऱ्याक ठाऊक, मालकाक ठाऊक, सरकाराक ठाऊक. ह्या महिन्यात मिटतला, पुढच्या महिन्यात मिटतला. माका ठाऊक नाय म्हणणारो एक माणूस गावलो नाय आमका." एवढं मोठं वाक्य! आई तापात उठून बसली होती. मला रडू आलं, म्हणून मी मोरीत जाऊन उगाच तोंड धुतलं.

त्यानंतर रविवारची वाट मी कमी आणि बाबा जास्त बघायला लागले. शनिवारी दुपारपासूनच, "काय, ह्या खेपेक काय धडो?" असं सुरू. खुर्ची दारातून आत आली. ते काही पंडित नव्हते, त्यांचे निम्मे प्रश्न धड्याला सोडून असायचे, कधी कधी मॅडम हात जोडायच्या. पण घरात आवाज आला होता. आई म्हणायची, "गप होतो ताच बरा होता," आणि पदराआड हसायची. दिवाळीच्या आधी कोचरेकर काका फराळाला आले आणि म्हणाले, "मग, पाठवतोस काय पोरीक?" बाबा चकली मोडत म्हणाले, "बघू. तिचा चाललाहा अजून." त्या एका वाक्यावर मी अख्खी दिवाळी काढली.

सुट्टी संपून कॉलेज उघडलं तो सोमवार होता. बाबांनी सुट्टीभर विचार करून एक प्रश्न तयार ठेवला होता, पण सांगत नव्हते. म्हणाले, "सकाळी सांगतंय." सकाळी डब्यांच्या गडबडीत राहून गेलं. मी वर्गात गेले तर टेबलामागे वर्तक सर. अजूनच सडपातळ झालेले, गळ्याशी बटण तसंच. हजेरी घेतली, पिवळे कागद काढले आणि म्हणाले, "लिहा." आम्ही एकमेकांकडे बघितलं. विलास उठून म्हणाला, "सर, गुप्ते मॅडम?" सर म्हणाले, "त्या माझ्या रजेपुरत्या होत्या. मी आलोय आता. लिहा." आणि खाली माना घालून आम्ही लिहायला लागलो. किती सहज! महिनोन् महिने आरडाओरडा करणारा तो वर्ग एका तासात पुन्हा गप्प झाला. कॅरमची टकटक स्पष्ट ऐकू यायला लागली. मला आज वर्तक सरांचा राग येत नाही. आजारातून उठलेला माणूस, त्याच्याजवळ तेवढंच बळ उरलं होतं. मी स्वतः कितीतरी तास असे काढलेत की आत जाऊन काय बोलले ते बाहेर आल्यावर आठवलं नाही.

घरी आले. बाबा म्हणाले, "अगो, तुका प्रश्न सांगूचो रवलो." मी म्हटलं, "मॅडम गेल्या, बाबा. जुने सर आले परत." ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माका ह्याच इचारूचा होता. ती बाई बदली आसा काय म्हणान." गिरणीत बदली कामगार असायचा. कायमचा माणूस आला नाही की त्या दिवसापुरतं काम मिळणारा. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, आत घेतलं तर घेतलं. बाबांनी उमेदीची कितीतरी वर्षं तशी फाटकाशी काढली होती. "दर जूनात नवीन कॉलेज म्हणाली, तेव्हाच माका वाटलेला," ते म्हणाले, आणि खुर्ची उचलून पुन्हा दारात नेऊन ठेवली.

त्यानंतरचे आठवडे मला नीटसे आठवत नाहीत. लिहीत होते, पाठ करत होते, पोळ्या लाटताना पुन्हा बडबडत होते. मधल्या काळात जे काही जागं झालं होतं ते मिटून गेलं, आणि पूर्वी नव्हता एवढा कंटाळा आला. एकदा चव कळल्यावर अळणी खाणं जास्त जड जातं. एका संध्याकाळी कोचरेकर काकांचा निरोप आला, पोरी घेतायत, उद्या सकाळी पाठव. बाबा दारात होते. मी आतून बाहेर आले आणि म्हटलं, "मी जाते उद्या कंपनीत." मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. आई परात हातात घेऊन तशीच उभी राहिली. बाबा म्हणाले, "कशाक?" मी म्हटलं, "मॅडम नाहीत. मला एकटीला नाही जमत हे. कंटाळा आलाय, बाबा. खरंच कंटाळा आलाय." आणि ते खरं होतं. त्या वयात मी इतकी दमलेली होते की कुणी नेऊन बसवलं असतं तिथे बसले असते.

बाबा उठले. पाठीमागे प्रेसची धाड धाड चालू होती, त्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागलं. "बदली गेलो म्हणान साचेखाता बंद पडता काय गो? साचो कोणीतरी चालवतोच मा?" मग खुर्ची उचलून आत आणली, भिंतीला लावली, बसले आणि म्हणाले, "आण तुझे ते कागद. आज काय लिवान दिल्यान त्या सरान?" मी म्हटलं, "त्यात काही नाही, बाबा. नुसत्या व्याख्या." ते म्हणाले, "वाच. माका कळला नाय तर मी इचारतंय. तुका येत नसला तर सांग, येत नाय. बाई सांगी तशी."

मग रोज संध्याकाळी तेच. मी वर्तक सरांचं एक वाक्य वाचायची, बाबा म्हणायचे, "म्हणजे काय?" त्यांना खरंच कळायचं नाही आणि त्याचा त्यांना संकोच नव्हता. मी सांगायची, अडायची, "येत नाही" म्हणायची, दुसऱ्या दिवशी लायब्ररीत शोधून यायची. कधी ते ऐकता ऐकता झोपून जायचे, कधी मी. कोचरेकर काका दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा आले नाहीत. घरात पैशांची ओढाताण होती ती तशीच होती, आईची पाठ दुखायची ती तशीच दुखत होती. आनंदीआनंद वगैरे काही नव्हता. फक्त खुर्ची पुन्हा दाराकडे गेली नाही.

मी पास झाले. मागचा विषयही सुटला. सेकंड क्लास मिळाला, जेमतेम. गुप्ते मॅडमना सांगावं असं फार वाटलं, पण त्या कुठल्या कॉलेजात गेल्या ते ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. रजेपुरत्या माणसाचा पत्ता कोण ठेवतो? पुढे इतकी वर्षं शिकवलं, पण त्या मला पुन्हा भेटल्या नाहीत.

निकाल घेऊन घरी आले तेव्हा आईने साखर हातावर ठेवली आणि देवापुढे दिवा लावायला गेली. बाबांनी गुणपत्रिका हातात घेतली, उलटी सुलटी करून पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मगे? काय गावला?"

मी तोंड उघडलं. नोकरीचं काहीतरी बोलणार होते. पण त्यांच्यासमोर खोटं बोलवेना.

"ठाऊक नाही, बाबा."

बाबा हसले. संपानंतर पहिल्यांदा, पोट हलेपर्यंत हसले. गुणपत्रिका माझ्या हातात परत देत म्हणाले, "मगे बाईन तुका शिकवल्यान खरा."